कितवा महिना म्हणायचा? आठवडे, बाळ आणि आई (सांगली-सातारकरांनो, इकडे या)

विट्याची_सून | १२ जून, रात्री १०.१०

नमस्कार मंडळी. पहिलटकरीण आहे. शेवटची पाळी १० फेब्रुवारीला आली होती. सासूबाई सगळ्यांना सांगतात, "पाचवा लागला." डॉक्टरांनी फायलीवर लिहिलंय १७ आठवडे ३ दिवस. नवरा पुण्याला कंपनीत आहे, तो फोनवर १७ भागिले ४ करून सव्वाचार म्हणतो, आणि वर विचारतो की ४० आठवडे म्हणजे दहा महिने झाले, मग लोक नऊ का म्हणतात?

माझ्या चुलतजावेला माझ्याच बरोबर दिवस गेलेत. तिचं पोट चांगलं दिसायला लागलंय. माझं साडीत कळतसुद्धा नाही. बाळ हललेलंही अजून जाणवलं नाही. रात्र रात्र हाच विचार चालतो. आत बाळाचं नक्की काय चाललंय आणि माझ्यात काय बदल व्हायला हवेत, हे कुणी नीट सांगेल का? मोबाईलवर शोधलं की आज लिंबाएवढं, उद्या केळ्याएवढं असलंच काहीतरी येतं. त्यानं काही कळत नाही.

कराडकर_मामा | १२ जून, रात्री १०.३२

अभिनंदन! जावईबापूंचा भागाकार बरोबर आहे, महिना चुकलाय. चार आठवड्यांचा महिना वर्षात एकच, फेब्रुवारी, तोही दर वर्षी नाही. बाकीचं सिस्टरबाई सांगतील, आपण मागच्या बाकावर बसतो.

निवृत्त_सिस्टरबाई | १३ जून, सकाळी ६.४५

अगं पोरी, आधी झोप घे. सगळी नोकरी माण-खटावच्या उपकेंद्रांत गेली माझी, आणि हा प्रश्न दर आठवड्याला यायचा.

सासूबाई चालू महिना सांगतात, डॉक्टर पूर्ण झालेले आठवडे लिहितात. दोघंही बरोबर. १० जूनला तुझे चार महिने भरले, आता पाचवा चालू. पूर्ण दिवस २८०, म्हणजे पाळीच्या तारखेत नऊ महिने आणि सात दिवस मिळवायचे. तुझी तारीख येते १७ नोव्हेंबर. ती पक्की समजू नकोस, नेमक्या त्या दिवशी बाळंत होणाऱ्या शंभरात चार-पाचच. ३७ आठवडे झाले की बाळ पुऱ्या दिवसांचं.

यात एक गंमत आहे. मोजणी पाळीपासून सुरू होते, पण गर्भ राहतो त्यानंतर दोनेक आठवड्यांनी. म्हणजे पहिल्या पंधरवड्यात मोजणी चालू असते आणि बाळाचा पत्ताच नसतो. पाळी अनियमित असेल तर ही मोजणी फसते. म्हणून सात ते नऊ आठवड्यांत केलेली पहिली सोनोग्राफी महत्त्वाची. तीत आलेली तारीखच पुढे शेवटपर्यंत धरतात. नंतरच्या सोनोग्राफीत तारीख पुढंमागं दिसली की बायका घाबरतात, पण ती बाळाच्या मापावरून काढलेली असते. तारीख बदलत नाही.

आता पोट. बाराव्या आठवड्यापर्यंत पिशवी ओटीपोटाच्या हाडामागेच असते. सोळाव्याला ते हाड आणि बेंबी यांच्या मधोमध येते आणि विसाव्या ते चोविसाव्याच्या सुमारास बेंबीला टेकते. बाहेरून किती दिसेल हे तुझी उंची, पोटाचे स्नायू, कितवी खेप यावर आहे. पहिलटकरणीचे स्नायू घट्ट, पोट उशिरा दिसतं. तुझ्या जावेची दुसरी खेप आहे ना?

विट्याची_सून | १३ जून, सकाळी ९.२०

हो, दुसरी! तुम्हाला कसं कळलं?

निवृत्त_सिस्टरबाई | १३ जून, सकाळी ९.४१

कळतं. तिला बाळ हललेलंही आधी कळेल. दुसऱ्या खेपेला सोळा ते अठरा आठवड्यांत, पहिलटकरणीला अठरा ते वीस, कधी त्याच्याही पुढे. तिचं पोट बघू नकोस, तुझं माता-बाल कार्ड बघ. वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन, लघवीची तपासणी, धनुर्वाताची दोन इंजेक्शनं. रकाने भरलेत का? हिमोग्लोबिन किती आहे?

विट्याची_सून | १३ जून, दुपारी १.०५

९.८. लग्नाच्या आधी १२ होतं. एवढं कसं उतरलं? जेवण तर व्यवस्थित आहे.

बालडॉक्टर_मिरज | १३ जून, रात्री ११.१५

मी लहान मुलांचा डॉक्टर आहे, म्हणजे बाळ माझ्याकडे नंतर येतं. तरी यातलं थोडं सांगतो.

गरोदरपणात आईच्या रक्तातला पातळ भाग ४० ते ५० टक्क्यांनी वाढतो, तांबड्या पेशी त्या मानानं कमी वाढतात. त्यामुळे रक्त पातळ होऊन आकडा थोडा उतरतोच. पण ११ च्या खाली गेला की तो रक्तक्षय, आणि ९.८ ला उपचार हवेत. सातच्या खाली गेलं तर दवाखान्यातच ठेवावं लागतं.

बाळाकडे येऊ. सहाव्या आठवड्याच्या सुमारास सोनोग्राफीत हृदयाची धडधड दिसते. बारा आठवडे होईपर्यंत सगळ्या अवयवांचा साचा तयार झालेला असतो. म्हणूनच पहिल्या तीन महिन्यांत औषधं, एक्स-रे, तंबाखू-मिश्री यांची एवढी धास्ती. फोलिक ॲसिडची गोळीही खरं तर दिवस जाण्याआधीपासून हवी, कारण पाठीचा कणा आणि मेंदूची नळी पाळीपासून मोजलं तर सहाव्या आठवड्यातच मिटते, तेव्हा अनेकींना दिवस गेल्याचं माहीतही नसतं.

सतराव्या आठवड्यात तुमचं बाळ डोक्यापासून बुडापर्यंत साधारण १२-१३ सेंटीमीटर आहे. हातपाय हलवतंय, अंगठा तोंडात घालतंय, पाणी गिळतंय आणि लघवी करतंय. पोटातलं पाणी पाणी म्हणतात ते यापुढे बहुतांशी बाळाची लघवीच असते. ऐकून तोंड वाकडं करू नका, ती स्वच्छ असते. टाकाऊ माल वारेतून (प्लॅसेंटातून) आईच्या रक्तात जातो आणि तिची मूत्रपिंडं तो बाहेर काढतात. पाणी कमी झालंय असं सोनोग्राफीत आलं की आम्ही बाळाची मूत्रपिंडं आणि वारेचं काम आधी बघतो, ते याचसाठी.

तासगावची_द्राक्षवाली | १४ जून, सकाळी ७.३०

लोहाच्या गोळीबद्दल माझं ऐक. चहाबरोबर घेतलीस तर घेतली काय न् नाही काय. कॅल्शियमची गोळी आणि दूधही तिच्याबरोबर नको, दोन तासांचं अंतर ठेव. मी रात्री जेवणानंतर लिंबूपाण्याबरोबर घ्यायचे. शी काळी होते, घाबरू नको. पोट धरतं, त्याला पाणी आणि पालेभाजी.

आणि बागेत काम असेल तर फवारणीच्या दिवशी त्या बाजूला फिरकू नकोस. ऑक्टोबर छाटणीनंतर काड्यांना पेस्ट लावतात ती विषारी असते. आमच्याकडे बायका पोटुशीपणातही ती कामं करतात आणि मुकादम गप्प बसतो. मी सासऱ्यांना स्पष्ट सांगितलं होतं. ते रागावले दोन दिवस, मग स्वतःच मजूर बघितला.

विट्याची_सून | ५ जुलै, रात्री ९.५०

मंडळी, हललं! परवा दुपारी पडल्या पडल्या पोटात बुडबुडा फुटल्यासारखं झालं. आधी वाटलं गॅस. पण काल परत तिथंच. मोठी सोनोग्राफीही झाली, सगळे अवयव नीट आहेत. वार पुढच्या बाजूला आहे म्हणाले, त्यामुळे हालचाल उशिरा कळते म्हणे, मध्ये वारेची गादी येते. वार पुढं असली की मुलगा असतो असं इथल्या एका काकू म्हणाल्या. असं काही असतं का?

शाहूनगरी | ५ जुलै, रात्री १०.१८

काही नसतं. ना वारेवरून, ना पोटाच्या टोकावरून, ना डोहाळ्यांवरून. मुलगा की मुलगी हे गर्भ राहतो त्याच क्षणी ठरतं आणि तेही बापाच्या बीजावरून. काकूंना हे शेवटचं वाक्य आवर्जून सांगा.

विषय निघालाच आहे तर बोलतो. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा आपल्याच राज्यानं १९८८ साली केला, केंद्राचा १९९४ चा. आणि तरी २०१७ साली मिरज तालुक्यातल्या म्हैसाळला ओढ्याकाठी १९ भ्रूण पुरलेले सापडले. आपल्या दोन जिल्ह्यांत हा प्रश्न गमतीत विचारण्यासारखा राहिलेला नाही. साताऱ्याच्या वर्षा देशपांडे यांना २०२५ सालचा संयुक्त राष्ट्रसंघाचा लोकसंख्या पुरस्कार जाहीर झाला, तो याच लढाईतल्या कामाबद्दल. या धाग्यावर कुणी "कुठे कळेल" असं आडूनही विचारू नये, मी तक्रार करेन.

कराडकर_मामा | ५ जुलै, रात्री १०.४०

शाब्बास. काकूंना माझ्याकडूनही नमस्कार.

विट्याची_सून | २० ऑगस्ट, संध्याकाळी ६.३०

एक टेन्शन आलंय. ग्लुकोज पाजून दोन तासांनी रक्त घेतलं, साखर १५२ आली. डॉक्टर म्हणाले गरोदरपणातला मधुमेह. आमच्या घरात कुणालाच नाही. मी गोडही फार खात नाही. गणपती आठवड्यावर आले आणि सासूबाईंनी डिंकाचे, अळिवाचे लाडू करून ठेवलेत "दोन जिवांची आहे" म्हणून. त्यांचं मन कसं मोडू?

निवृत्त_सिस्टरबाई | २० ऑगस्ट, रात्री ८.१०

१४० च्या वर गेली की धरतातच. यात तुझं काही चुकलेलं नाही. वारेतून जे हार्मोन सुटतात ते बाळाला साखर पुरावी म्हणून आईच्या इन्सुलिनचा जोर कमी करतात. बहुतेकींचं शरीर जास्त इन्सुलिन करून ते भरून काढतं, काहींचं पुरं पडत नाही. चोविसाव्या आठवड्यानंतर हे जास्त दिसतं, म्हणून तपासणी तेव्हा पुन्हा करायची.

पहिले दोन आठवडे आहारावर बघतात. भाकरी ज्वारीची-बाजरीची, भात वाटीभर, उसळ किंवा अंडं रोज, ताटभर कोशिंबीर. तीनदा पोटभर खाण्याऐवजी पाच-सहादा थोडं थोडं. जेवल्यावर अंगणात पंधरा-वीस मिनिटं चालायचं. जेवणानंतर दोन तासांनी साखर १२० च्या आत हवी. नाही आली तर औषध किंवा इन्सुलिन देतील, त्याला नाही म्हणू नकोस, बाळाला त्याचा त्रास नाही.

लाडू सासूबाईंना म्हणावं बाळंतपणानंतरसाठी ठेवा, तेव्हाही साखर बघून. त्यांना एकदा दवाखान्यात बरोबर घेऊन जा. आपण सांगितलेलं पटत नाही, डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की पटतं. दोन जिवांची म्हणजे दोन माणसांचं जेवण नव्हे. पहिल्या तीन महिन्यांत जास्तीचं काही लागत नाही, पुढे दिवसाला एक भाकरी, वाटीभर डाळ-भाजी आणि पेलाभर दूध एवढंच वाढतं. सगळ्या नऊ महिन्यांत वजन दहा-बारा किलो वाढलं की पुष्कळ, अंगानं मूळची किती आहेस त्यावर थोडं कमी-जास्त.

तासगावची_द्राक्षवाली | २० ऑगस्ट, रात्री ९.००

मोदक एक खाल्लास तर बाप्पा रागावणार नाही. एकच, आणि त्या वेळी भात नाही.

विट्याची_सून | ६ सप्टेंबर, सकाळी ११.००

साखर ११२ वर आली! सासूबाई आता स्वतःच माझ्या ताटातला भात मोजतात, उलटं झालंय सगळं. पण उद्या रात्री चंद्रग्रहण आहे. विळी-सुरी धरायची नाही, झोपायचं नाही, काही खायचं नाही असं सांगितलंय. साखरेची पेशंट उपाशी कशी राहणार?

बालडॉक्टर_मिरज | ६ सप्टेंबर, दुपारी २.२५

राहायचं नाही. ग्रहण म्हणजे पृथ्वीची सावली चंद्रावर पडते, तिचा तुमच्या गर्भाशयाशी संबंध नाही. फाटलेला ओठ, टाळू यांची घडण दहाव्या-बाराव्या आठवड्यापर्यंत पूर्ण होते, तुमचे तीसच्या घरात आलेत. सुरी नाही धरली तर बिघडत काही नाही, तेवढं सासूबाईंचं ऐका. जेवण आणि झोप मात्र वेळेवर. आणि झोपताना कुशीवर, डावी असेल तर उत्तम. २८ आठवड्यांनंतर उताणं झोपलं की पिशवीचं वजन कण्याजवळच्या मोठ्या शिरेवर पडतं आणि बाळाकडचा रक्तपुरवठा कमी होतो.

फलटणचा_नवा_बाप | ११ सप्टेंबर, रात्री १.४०

मध्येच घुसतोय, माफ करा. बायकोला ३२ आठवडे झालेत आणि संध्याकाळपासून कळा येतायत. ॲडमिट केलंय. आजी इथं बसून रडतेय की सातमाशी मूल जगतं, आठमाशी जगत नाही, महिनाभर आधी झालं असतं तर बरं होतं. डोकं चालेना. खरं आहे का हे?

बालडॉक्टर_मिरज | ११ सप्टेंबर, रात्री १.५८

अजिबात खरं नाही. आजींना आत्ताच सांगा. पोटात काढलेला प्रत्येक आठवडा बाळाच्या बाजूनं असतो. आठव्या महिन्यातलं बाळ सातव्यातल्यापेक्षा मोठं, जास्त तयार आणि जगण्याची शक्यता जास्त असलेलं.

खरी अडचण फुफ्फुसांची. त्यांतले हवेचे फुगे श्वास सोडल्यावर चिकटून बसू नयेत म्हणून आतून एक स्निग्ध थर लागतो. तो चोविसाव्या आठवड्यापासून बनायला लागतो, पण पुरेसा होतो ३४-३५ व्या आठवड्याला. त्याआधी प्रसूती होईल असं दिसलं तर आईला स्टेरॉइडची इंजेक्शनं देतात, त्यानं हा थर लवकर तयार होतो. दिलीत का, एवढं ड्यूटीवरच्या डॉक्टरांना विचारा. कळा थांबवायची औषधंही देतात, मुख्य हेतू त्या इंजेक्शनांना काम करायला दोन दिवस मिळावेत हा. दुसरं, जिथं नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग आहे तिथंच प्रसूती व्हायला हवी. नसेल तर बाळ पोटात असतानाच हलवणं केव्हाही चांगलं. ३२ आठवड्यांचं बाळ अंदाजे पावणेदोन किलोचं असतं. अशी बाळं आम्ही रोज घरी पाठवतो.

फलटणचा_नवा_बाप | ११ सप्टेंबर, पहाटे २.१५

इंजेक्शन दिलंय म्हणाले. विभाग इथंच आहे. आजीला वाचून दाखवलं. धन्यवाद डॉक्टर.

फलटणचा_नवा_बाप | १४ सप्टेंबर, सकाळी ८.००

कळा थांबल्या. बाळ आतच आहे. आजी म्हणते मी असं बोललेच नव्हते.

विट्याची_सून | ९ ऑक्टोबर, संध्याकाळी ५.२०

आज ९ तारखेच्या शिबिरात सरकारी दवाखान्यात फुकट तपासणी करून आले, आशाताई घेऊन गेल्या होत्या. हिमोग्लोबिन ११.२! बाळ डोक्याकडून खाली आहे. आता जिना चढले की दम लागतो, रात्री पिंढऱ्यांत गोळे येतात, जळजळ होते आणि दर तासाला बाथरूम. संध्याकाळी पायावर थोडी सूज असते. यातलं किती चालेल? बाळंतपणाला माहेरी कोरेगावला जायचंय.

निवृत्त_सिस्टरबाई | ९ ऑक्टोबर, रात्री ७.५०

हे सगळं चालेल. पिशवी वर छातीपर्यंत येत चाललीय, जठर आणि फुफ्फुसं दबतात. शेवटी बाळ खाली उतरलं की दम कमी होईल आणि बाथरूम आणखी वाढेल.

न चालणारं नीट वाच आणि घरात सगळ्यांना वाचून दाखव. तोंडावर, हातावर सूज, बांगड्या-अंगठी रुतायला लागणं. न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे काजवे, बरगड्यांखाली दुखणं. हा वाढलेल्या रक्तदाबाचा प्रकार असू शकतो आणि तासांत झटक्यांपर्यंत जातो, १४०/९० म्हणजे थांबायचं नाही. अंगावरून रक्त जाणं, मग ते दुखो वा न दुखो. पाणी जाणं, कळा नसल्या तरी. आणि बाळाची हालचाल कमी होणं. जेवण झाल्यावर कुशीवर पडून मोज, दोन तासांत दहा वेळा हललं पाहिजे. नाही हललं तर रात्रीचे दोन असले तरी जायचं. "शेवटी बाळ शांतच होतं" असं सांगणाऱ्या भेटतील. जागा कमी पडते म्हणून हालचालीची तऱ्हा बदलते, संख्या कमी होत नाही.

रुग्णवाहिकेचा १०२ नंबर मोबाईलमध्ये आहे ना? बाळंतपणाला माहेरी कोरेगावला जाणार म्हणालीस, तर आत्ताच जा, दिवाळीसाठी थांबू नकोस. फाईल, कार्ड, साखरेची वही बरोबर घे आणि तिथल्या डॉक्टरांना आधी एकदा दाखवून ठेव. कळा सुरू झाल्यावर पहिल्यांदा भेटलेल्या डॉक्टरला तुझ्या साखरेचं काही माहीत नसतं.

विट्याची_सून | ९ नोव्हेंबर, दुपारी १२.१५

मुलगी झाली! ७ तारखेला पहाटे. २ किलो ९०० ग्रॅम, नॉर्मल, थोडे टाके आहेत. शेवटी डॉक्टर म्हणाले तसं तारखेच्या आधीच. तासाभरात अंगावर घेतलं. पण तिच्या टाचेला टोचून दोन-तीनदा रक्त घेतलं, आई फार चिडली. मधुमेह मला होता, तिची साखर कशाला तपासायची?

बालडॉक्टर_मिरज | ९ नोव्हेंबर, दुपारी ३.३०

मनापासून अभिनंदन. तपासायलाच हवी होती. आईची साखर वारेतून बाळाकडे जाते, इन्सुलिन जात नाही. मग बाळ स्वतःचं इन्सुलिन जास्त बनवतं. नाळ कापल्यावर साखरेचा पुरवठा एकदम बंद होतो, पण जास्तीचं इन्सुलिन अजून अंगात असतं, त्यामुळे पहिल्या दिवशी साखर घसरू शकते. तुम्ही तासाभरात पाजलंत, हा त्यावरचा पहिला उपाय. आजींना सांगा, मध-गूळपाणी अजिबात नाही, सहा महिने फक्त अंगावरचं दूध.

निवृत्त_सिस्टरबाई | ९ नोव्हेंबर, संध्याकाळी ६.००

लेकीला आशीर्वाद. लोहाची गोळी बंद करू नकोस, बाळंतपणानंतरही १८० दिवस घ्यायची असते. शेक-शेगडी करतील तर खोलीत कोळशाचा धूर कोंडू देऊ नकोस. सरकारच्या मातृवंदना योजनेचे पैसे येतील तेव्हा येतील, पहिल्या अपत्याला दोन हप्त्यांत ५,००० आहेत, आधार आणि बँकेचं खातं तुझ्याच नावाचं लागतं.

आणि डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात बाळाचं दीड महिन्याचं लसीकरण येईल. त्याच दिवशी सकाळी स्वतःचीही ग्लुकोज पिऊन तपासणी करून घे. बायका बाळाची लस चुकवत नाहीत, स्वतःची तपासणी हटकून विसरतात. साखर आता उतरली असेल, पण तुला पुढे मधुमेह होण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त आहे, म्हणून ही तपासणी नंतरही अधूनमधून करत राहायची.

विट्याची_सून | ९ नोव्हेंबर, रात्री ८.४०

करते. लाडवांचं काय?

निवृत्त_सिस्टरबाई | ९ नोव्हेंबर, रात्री ८.५२

अर्धा. सकाळी.